‘सगळ्यांचं कौतुक करायचंय’ : इंडियन आयडॉलच्या एका भागाचं प्रकरण

मे २०२१ मध्ये टीव्हीवरच्या एका गाण्याच्या कार्यक्रमावरून जो गदारोळ झाला, त्यात कुणी कुणाला लुबाडलं असं म्हणता येत नाही. विजेता आधीच ठरलाय असा तो आरोप नव्हता, मतांचा घोळ नव्हता. एका पाहुण्याने मंचावर स्पर्धकांचं कौतुक केलं आणि काही दिवसांतच वर्तमानपत्राला सांगितलं की तसं करायला मला सांगण्यात आलं होतं. प्रकरण एवढंच. तरी रिअ‍ॅलिटी शोमधलं खरं कुठे संपतं आणि बेतलेलं कुठून सुरू होतं, हे पाहायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. घरात कोंडलेल्यांची भांडणं किंवा टीव्हीवरची स्वयंवरं यांच्याबद्दल बोलणं सोपं असतं, तिथलं नाटक शाळकरी पोरालाही कळतं. गाण्याच्या कार्यक्रमात मधोमध एक खरी गोष्ट उभी असते, ती म्हणजे गाणाऱ्याचा गळा. त्यामुळे त्याच्या आजूबाजूचं सगळंच खरं वाटायला लागतं.

आधी प्रसंग. इंडियन आयडॉलचं बारावं पर्व सोनीवर नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस सुरू झालं. परीक्षक नेहा कक्कर, विशाल ददलानी आणि हिमेश रेशमिया, सूत्रसंचालक आदित्य नारायण. कोविडची दुसरी लाट आली आणि राज्य सरकारने १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून लागू केलेल्या निर्बंधांत चित्रीकरणंही बंद झाली. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढला, मिरा रोडला सेट तसेच उभे राहिले आणि युनिटं मिळेल त्या राज्यात पळाली. कुणी गोवा गाठला, कुणी हैदराबाद. इंडियन आयडॉल दमणला गेला. युनिट बाहेरगावी जातं तेव्हा सगळे जात नाहीत. राहण्या-जेवणाचा खर्च बघून माणसं कापली जातात, आणि रोजंदारीवरचा लाइटमन, स्पॉटदादा, सेटिंगवाला घरी बसतो. त्या दोन महिन्यांत कांदिवली-मालवणीच्या गल्ल्यांत किती घरं उसनवारीवर चालली, याची बातमी कार्यक्रमाच्या बातमीच्या शंभराव्या हिश्शाएवढीही झाली नाही. असो.

दमणहून आलेल्या भागांपैकी एक होता किशोर कुमार विशेष. मेच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तो दाखवला गेला. किशोरदांची शंभर गाणी, अशी जाहिरात होती. पाहुणे म्हणून त्यांचे चिरंजीव अमित कुमार आले होते. ते स्वतःही पार्श्वगायक आहेत, म्हणजे बाबांच्या नावावर बोलावलेला कुणी सोम्यागोम्या नव्हे. स्पर्धक गायले, परीक्षकही गायले, अमित कुमारांनी दाद दिली. भाग संपायच्या आत समाजमाध्यमांवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. किशोर कुमारांच्या गाण्यांची वाट लावली, परीक्षकांना गायला कुणी सांगितलं होतं, असा एकूण सूर होता.

मग अमित कुमारांची मुलाखत आली. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींचा मथितार्थ असा : तो भाग मलाही आवडला नाही. मला सांगितलं होतं की सगळ्यांचं कौतुक करायचं आहे, कुणी कसंही गायलं तरी त्याला वर उचलून धरायचं, कारण ही किशोरदांना आदरांजली आहे. स्क्रिप्टमधला माझा भाग आधी द्या असं मी म्हटलं होतं, ते झालं नाही. आणि गेलो का, तर पैसे सगळ्यांनाच लागतात; मी मागितलेली रक्कम त्यांनी दिली.

हे शेवटचं वाक्य मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. बाकी बऱ्याच जणांनी त्यावरून त्यांनाच धारेवर धरलं. पैसे घेतलेत ना, मग आता तक्रार कसली? पण मुद्दा उलटा आहे. मोबदला घेऊन पाहुणा येतो हे सेटवरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. घरी बसून बघणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. त्याला दिसतो तो किशोर कुमारांचा मुलगा, डोळे मिटून मान डोलावणारा.

आदित्य नारायणने उत्तर दिलं. एवढ्या मोठ्या कलावंताला तासा-दोन तासांत बसवणं सोपं नाही. करोनामुळे दमणला मोजक्या माणसांत, कमी सरावात चित्रीकरण चाललंय. अमितजींनी सेटवर तर कौतुकच केलं होतं, नाराज असते तर तेव्हाच सांगता आलं असतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी रास्त आहेत. तिसरी मात्र गमतीची आहे, कारण जे कौतुक संशयाखाली आहे तेच पुरावा म्हणून पुढे केलं आहे.

त्यापुढे जे झालं त्यासाठी तरी हे प्रकरण अभ्यासाला घ्यावं. पुढच्या एका भागात कुमार सानू, अनुराधा पौडवाल आणि रूपकुमार राठोड पाहुणे होते. आदित्य नारायणने मंचावरूनच विचारलं : तुम्ही जी तारीफ केलीत ती मनापासून केलीत, की आमच्या टीमपैकी कुणी करायला सांगितली? उत्तर अर्थातच मनापासून असं आलं. ते खरंही असेल. अनुराधाताईंनी कुणाच्या सांगण्यावरून माना डोलवाव्यात असं मला म्हणायचं नाही. पण साक्ष कुठे घेतली गेली पाहा. आरोप ज्या मंचावर होता त्याच मंचावर, ज्याच्यावर आरोप त्याच्याच माणसाने, त्याच कॅमेऱ्यांसमोर प्रश्न विचारला आणि उत्तर त्याच संकलनाच्या टेबलावरून बाहेर आलं. संशयसुद्धा कार्यक्रमाचा मजकूर झाला आणि त्यावर भागातली काही मिनिटं निघाली. रिअ‍ॅलिटी शो टीकेला उत्तर देत नाही, तो तिचं चित्रीकरण करतो.

याच महिन्यात आणखी एक भानगड झाली. आदित्य नारायण एका स्पर्धकाशी बोलताना, आम्ही काय अलिबागवरून आलोय का, या अर्थाचं बोलून गेला. अलिबागकरांना राग आला, मनसेच्या चित्रपट सेनेचे अमेय खोपकर यांनी माफीची मागणी केली, आदित्यने माफी मागितली. मराठी वाचकाला ही गोष्ट पहिल्यापेक्षा जास्त आठवत असेल. तिच्याकडे अस्मितेच्या अंगाने सगळ्यांनी पाहिलं. मला त्यातला तांत्रिक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत नव्हता. बोलणं तोंडून निसटू शकतं, पण चित्रीकरण ते प्रक्षेपण या प्रवासात ते वाक्य संकलक पाहतो, क्रिएटिव्ह पाहतात, वाहिनीची माणसं पाहतात. म्हणजे ते वाक्य बोलणारा एक होता आणि ठेवणारे अनेक. माफी मात्र एकट्याने मागितली. पडद्यावर जे सहज घडल्यासारखं दिसतं त्याला इतक्या चाळण्यांतून जावं लागतं, हे अलिबागच्या वाक्याने जितकं स्पष्ट केलं तितकं कुठल्याही खुलाशाने केलं नाही.

कौतुक तयार कसं होतं

या क्षेत्रात काम करणारा माझा एक मित्र आहे, चारकोपला राहतो, संकलन करतो. त्याचं नाव, कार्यक्रम, वाहिनी काहीही देणार नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याला मी सरळच विचारलं, ‘पाहुण्याला खोटं बोलायला सांगतात का रे?’

‘खोटं कोण बोलायला सांगतो?’ तो म्हणाला. ‘पॉझिटिव्ह राहा एवढंच सांगतात. तू माझ्या पोरीच्या बारशाला आलास तर पोरगी काळी आहे म्हणशील का? म्हण ना! हाकलून देईन.’

उपमा त्याची, तिच्यातला वर्णभेदही त्याचाच. पण त्याचं म्हणणं पुढे उलगडत गेलं ते असं. पाहुण्याच्या हातात बहुधा ओळ न् ओळ लिहिलेलं भाषण नसतं. त्याला फ्लो दिला जातो. कोण कुठल्या क्रमाने गाणार, कुणाच्या घरची कहाणी आज आहे, कुठल्या गाण्यानंतर त्याने उठून जुनी आठवण सांगायची, कुठे स्पर्धकाला भेटवस्तू द्यायची. ती आठवण क्रिएटिव्ह टीमने आधी फोनवर काढून घेतलेली असते. सूत्रसंचालकाच्या कानात टॉकबॅक असतो आणि कंट्रोल रूममधून त्याला सांगता येतं की आता सरांकडे वळ, आता आईचा विषय काढ. दिवसभर, कधी मध्यरात्र उलटेपर्यंत चित्रीकरण चालतं आणि त्यातून शनिवार-रविवारचे दोन भाग बांधायचे असतात. म्हणजे टाकलं जातं ते दाखवल्याच्या कित्येक पट असतं. पाहुणा एखाद्याला ‘वरचा सा जरा कमी लागला’ म्हणाला असेल आणि पुढे चार चांगली वाक्यं बोलला असेल, तर ती चार वाक्यं ठेवणं हे खोटं आहे का? मित्राच्या मते नाही. वेळेचा प्रश्न आहे.

आणि रिअ‍ॅक्शन शॉट. गाणं चालू असताना परीक्षकाने डोळे पुसले असं आपण पाहतो. ते डोळे त्याच गाण्याला पुसले होते याची हमी कुणी देत नाही. अनेक कॅमेऱ्यांनी दिवसभर टिपलेल्या चेहऱ्यांचा साठा संकलकाकडे असतो. अमेरिकेत तुकडे जोडून केलेल्या संवादाला त्या धंद्यातली माणसं ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नाव नाही, ‘पॅच मार’ म्हटलं की काम होतं.

आता गळ्याविषयी. तोच तेवढा खरा असतो असं मी वर सुचवलं, ते संपूर्ण खरं नाही. मंचावर जे गायलं जातं ते जसंच्या तसं आपल्या घरात येत नाही. वाद्यांचा आणि आवाजाचा वेगळा ट्रॅक असतो, नंतर मिक्सिंग होतं, सूर सरळ करायची सॉफ्टवेअरं आहेत, आणि गरज पडली तर काही ओळी पुन्हा गाऊन घेता येतात. कुठल्या भागात काय झालं हे बाहेरून सांगता येणार नाही आणि मी सांगतही नाही. पण यातून जी स्थिती तयार होते ती विलक्षण आहे. परीक्षक सेटवर एक गाणं ऐकतो, प्रेक्षक घरी दुसरं ऐकतो, आणि मध्ये जे कौतुक आहे ते पहिल्या गाण्याचं असून दुसऱ्याला चिकटवलेलं असतं. कधी सेटवरचं गाणं जास्त जिवंत असतं आणि मिक्सिंगमध्ये त्याचा जीव जातो, हेही होतं. अशा वेळी प्रेक्षक म्हणतो, एवढं काय होतं त्यात उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं? त्याचंही बरोबर असतं आणि परीक्षकाचंही.

इथे बाकीच्यांच्या साक्षी लक्षात घ्यायला हव्यात. सुनिधी चौहान इंडियन आयडॉलच्या पाचव्या आणि सहाव्या पर्वाची परीक्षक होती. अमित कुमारांच्या प्रकरणानंतर तिनेही सांगितलं की कौतुक करण्याची सूचना असायची आणि ते पटेना म्हणून आपण बाजूला झालो. त्याआधी काही आठवडे अभिजीत सावंत बोलला होता. २००५ साली पहिलं इंडियन आयडॉल जिंकलेला हा मुंबईचा मराठी मुलगा; त्याच्या विजयाचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना माहीमपासून दादरपर्यंत लागलेले फलकही आठवत असतील. तो म्हणाला की हल्ली निर्मात्यांना स्पर्धक गातो कसा यापेक्षा तो बूट पॉलिश करू शकतो का, किती गरीब आहे, यात जास्त रस असतो. स्वतःची गोष्टही त्याने सांगितली. एकदा गाताना तो शब्द विसरला, परीक्षकांनी पुन्हा संधी दिली, विषय संपला. आज तेच झालं असतं तर वीज कडाडल्याचे आवाज टाकून दाखवलं असतं, असं त्याचं म्हणणं. प्रादेशिक कार्यक्रमांत स्पर्धकाच्या घरच्या परिस्थितीची फारशी वाच्यता होत नाही, लोक गाणं ऐकतात, असंही तो म्हणाला.

या शेवटच्या वाक्यावर आपण मराठी लोकांनी पटकन मान डोलावू नये. झी मराठीवरचं २००८-०९ चं लिटल चॅम्प्स आठवा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. गाणी अस्सल होती यात वाद नाही. पण अंतिम फेरीच्या आठवड्यात घराघरांत झालेली चर्चा गाण्याचीच होती का? आळंदीची कार्तिकी आणि तिचे वारकरी अभंग, कोकणातली मुलं, पुण्याची आर्या, लातूरचा रोहित : गावं आणि घरं त्या आवाजांना चिकटली होती आणि एसेमेस त्या घरांना जात होते. फरक होता तो प्रमाणात. अश्रूंसाठी वेगळी चित्रफीत, जिला सेटवर एव्ही म्हणतात, ती तेव्हा आजच्याइतकी लांब नव्हती.

प्रेक्षक नेमका कशावर चिडला

मला या प्रकरणात सर्वांत जास्त विचार करायला लावतं ते हे की, यापेक्षा उघडं नाटक लोकांनी आधी हसत हसत पचवलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये, अकराव्या पर्वात, नेहा कक्कर आणि आदित्य नारायण यांचं लग्न लावण्याचा घाट याच मंचावर घातला गेला. घरचे आले, वऱ्हाड आलं, व्हॅलेंटाइनचा मुहूर्त धरला. हे सगळं टीआरपीसाठी चाललं असावं, असं आदित्यचे वडील उदित नारायण यांनीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहाचं लग्न दुसरीकडे झालं, डिसेंबरमध्ये आदित्यचंही. कुणी फसवणूक झाली म्हणून ओरडलं नाही. बाराव्या पर्वात पवनदीप राजन आणि अरुणिता कांजीलाल या स्पर्धकांच्या प्रेमाची हवा महिनोन् महिने केली गेली. त्यावरही लोक चिडले नाहीत, उलट त्यांना ती जोडी हवीच होती.

मग अमित कुमारांच्या चार शब्दांवर एवढं का? माझं उत्तर असं. लग्नाच्या नाटकात प्रेक्षकाचं काही पणाला लागत नव्हतं. गाण्याच्या बाबतीत त्याने स्वतः कानाने ऐकून एक निवाडा केला होता, की हे काही जमलं नाही. समोर किशोर कुमारांचा मुलगा वा वा करत होता. म्हणजे एक तर आपले कान खोटे, किंवा ती दाद खोटी. कित्येक वर्षं गाण्याच्या कार्यक्रमांनी प्रेक्षकाला हेच शिकवलं होतं, की तुझ्या कानावर जाऊ नकोस, परीक्षकाचा चेहरा बघ. मुलाखत आली आणि प्रेक्षकाला त्याचे कान परत मिळाले. रागात थोडा आनंदही मिसळलेला होता, म्हणून तो इतका टिकला.

सूत्रसंचालनातला विनोद लिहिलेला आहे हे आपण धरून चालतो. प्रेमप्रकरण रंगवलेलं आहे हे कळूनही चालवून घेतो. कहाणीला फोडणी दिलेली असते, तिलाही हरकत नाही. पण मूल्यमापन बेतलेलं निघालं की स्पर्धा या शब्दातच काही उरत नाही. खरं आणि बेतलेलं यांतली सीमा पुसट आहे असं म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. ती बाकी सगळीकडे पुसट असू शकते, निकालाशी संबंधित जागेवर ती ठळक असायला हवी. पाहुण्याच्या शब्दाला गुण नसतात, तो मत देत नाही, हा बचाव तोकडा आहे. मत देणारा प्रेक्षक त्याच शब्दांवर मत बनवतो.

कायदा कुठे आहे

अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजुषांचे कार्यक्रम तुफान चालत होते आणि त्यांतल्या लाडक्या स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवली जात होती. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमाचा विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९ साली संसदीय समितीसमोर ते कबूल केलं आणि १९६० मध्ये अशा स्पर्धांत ठरवाठरवी करणं तिथे गुन्हा झालं. आपल्याकडे केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. अश्लील, बदनामीकारक मजकुराच्या जोडीने तीत अर्धसत्याचाही उल्लेख आहे, पण मनोरंजनाच्या मंचावरची ठरवलेली दाद त्या कलमात बसवायला कुणी जात नाही. २०११ पासून मनोरंजन वाहिन्यांनी स्वतःच नेमलेली तक्रार परिषद आहे.

ग्राहक कायद्याच्या वाटेने एक प्रयत्न झाला होता. शाहरुख खानने सूत्रसंचालन केलेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या २००७ च्या पर्वात प्रेक्षकांसाठी एसेमेसची स्पर्धा होती, एका एसेमेसला २ रुपये ४० पैसे. बक्षिसाचा पैसा प्रेक्षकांच्याच एसेमेसमधून काढला आणि ते लपवलं, असं म्हणत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंड लावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो आदेश पुराव्याअभावी रद्द केला. पैशाचा सरळ व्यवहार असूनही ही गत, तर दादेचं काय घेऊन बसलात.

पण एक योगायोग आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. ज्या मे महिन्यात हा वाद पेटला होता त्याच महिन्याच्या शेवटी, मुंबईतच मुख्यालय असलेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने इन्फ्लुएन्सर्ससाठी नियमावली जाहीर केली. पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या उत्पादनाची तारीफ करत असाल, तर ती जाहिरात आहे असं ठळक लिहा. १४ जूनपासून ते लागू झालं. म्हणजे विरारची एखादी मुलगी फुकट मिळालेल्या क्रीमविषयी इन्स्टाग्रामवर चांगलं बोलली तर तिने पट्टी लावायची, आणि मोबदला घेऊन आलेला पाहुणा देशभर दिसणाऱ्या मंचावर सांगितल्याप्रमाणे वाहवा करतो तेव्हा पट्टी नाही. भागाच्या सुरुवातीला इंग्रजीत, वाचून संपायच्या आत गायब होणारी जी सूचना येते तिच्यात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे : ‘पाहुणे कलाकार मानधन घेऊन सहभागी झाले आहेत.’ माझ्या संकलक मित्राला मी हे सुचवलं. तो हसला आणि म्हणाला, ‘लिहू की. वाचतंय कोण?’

स्पर्धकाचं काय

सगळ्या गोंधळात ज्यांचं नाव घेऊन भांडण चाललं होतं ते स्पर्धक फारसं काही बोलले नाहीत. बोलणं त्यांच्या हातात नसतंच. पर्व चालू असेपर्यंत माध्यमांशी काय बोलायचं हे करार ठरवतो. पर्व लांबत लांबत १५ ऑगस्टपर्यंत गेलं आणि अंतिम भाग दुपारी बारा ते रात्री बारा चालला. पवनदीप जिंकला, २५ लाख आणि गाडी मिळाली. अरुणिता दुसरी, आपल्या मुंबईची सायली कांबळे तिसरी. तिघांच्या गाण्याबद्दल शंका घ्यावी असं मला तरी काही दिसत नाही, आणि घाव बसतो तो नेमका इथेच. ‘कसंही गायलं तरी उचलून धरा’ हे वाक्य बाहेर आल्यावर चांगलं गाणाऱ्याला मिळालेली खरी दादही त्याच ढिगात जाते. त्या रात्री एखाद्याचं किशोरदांचं गाणं खरोखर उत्तम झालं असेल आणि अमित कुमारांनी ते मनापासून सांगितलं असेल, तर ते आता त्याला कुणापुढे सिद्ध करता येणार नाही. स्वतःपुढेसुद्धा.

दादरला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंशी यावर बोलणं झालं. त्यांच्याकडची मुलं ऑडिशनना जातात, काही निवडलीही गेली आहेत. त्या म्हणाल्या, ‘मूल तिकडून परत येतं ना, तेव्हा पहिले सहा महिने त्याला चूक दाखवता येत नाही हो. आई-वडीलच म्हणतात, ताई, तिथे तर सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.’ उलटंही घडलेलं आहे. २००८ साली कोलकात्यात एका बंगाली कार्यक्रमात परीक्षकांनी झापल्यानंतर एका सोळा वर्षांच्या मुलीची वाचाच गेल्याची बातमी देशभर गाजली होती. तेव्हापासून परीक्षकांच्या जिभेला मध लावण्याची पद्धत वाढली असं इंडस्ट्रीतली माणसं सांगतात, आणि मुलांच्या बाबतीत ते गैर आहे असं मीही म्हणणार नाही. फक्त दाद गोड असणं आणि सगळ्यांना एकाच मापाची असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

या मोसमात मूल पाठवणाऱ्या पालकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी लिहून थांबतो, कारण ऑडिशनच्या रांगेत त्या कुणी सांगत नाही. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. ती बघायला मागा. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. घरी येऊन एव्ही शूट करतात तेव्हा गॅसच्या जागी स्टोव्ह मांडा, हा शर्ट नको जुना घाला, असं सुचवलं जाऊ शकतं. नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्यावर निवड रद्द होईल असं करारात कुठे लिहिलंय ते विचारा. मिक्सिंग न झालेलं, सेटवरचं कच्चं रेकॉर्डिंग मिळालं तर मिळवा. बहुतेक वेळा देणार नाहीत. मोबाइल आत नेऊ देत नसले, तर मुलाला निदान एवढं सांगा की घरी आल्यावर टीव्ही बघायच्या आधी आज कुठे घसरलास ते तूच मला सांग, आणि ते वहीत लिहून ठेवा. भाग दिसेपर्यंत कधी दोन, कधी तीन आठवडे जातात.